मूल बाल कल्याण समितीने ठेवून घेतलं तर आधी काय करायचं? कोकणातल्या घरांसाठी

पोलीस किंवा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनची माणसं येतात, पोराला गाडीत बसवून नेतात आणि वाडीत बोभाटा होतो की अमक्याचं पोर रिमांड होमला नेलं. मग कोणी सरपंचाला फोन लावतं, कोणी आमदाराच्या पीएला, कोणी मुंबईच्या काकाला, काका म्हणतो शनिवारी येतो मग बघू, आणि ज्या ऑफिसात त्याच दिवशी जायला पाहिजे तिथे चार दिवस कोणी फिरकतच नाही. मी तालुका विधी सेवा समितीसोबत पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून काम करते, वकील नाही, पण लोकांना घेऊन त्या ऑफिसांच्या पायऱ्या चढणं हेच काम, आणि दरवेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा लिहूनच काढते.

पोराने काही गुन्हा केलाय म्हणून त्याला नेलंय असं धरून चालू नका. ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप असतो ती बाल न्याय मंडळापुढे जातात आणि निरीक्षणगृहात राहतात. घरात मारहाण होते, आईबाप सांभाळायच्या अवस्थेत नाहीत, स्टेशनवर एकटं सापडलं, असली मुलं बाल कल्याण समितीपुढे जातात आणि बालगृहात राहतात. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात, 2015 च्या बाल न्याय अधिनियमात आहेत आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतात, त्यामुळे लोकांचा घोळ होतो. शेजारीपाजारी विचारतील तेव्हा शांतपणे सांगा की बालगृहात आहे, चौकशी चालू आहे. एवढंच.

पायरी 1: नेलं कोणी आणि कशासाठी ते विचारा

भांडायचं नाही, विचारायचंय. कोणतं पोलीस स्टेशन, साहेबांचं नाव काय, समितीपुढे कधी उभं करणार. 1098 वर आलेल्या फोनवरून उचललं असेल तर फोन कोणी केला ते सांगणार नाहीत आणि तुम्हीही शोधायच्या मागे लागू नका, अर्धा वेळ लोक त्या शोधातच घालवतात. जावेने केला की शेजारणीने, काय फरक पडतो, समितीपुढे तो मुद्दाच येत नाही.

नवरा-बायकोच्या भांडणातून मुलाचा ताबा तात्पुरता एकाकडे गेला असेल तर तो रस्ता वेगळा, कोर्टाचा, त्याचं खाली लिहिलंय. आणि पॉक्सोची, म्हणजे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची केस असून आरोपी त्याच घरात राहत असेल तर पोलिसांना 24 तासांत समितीला कळवावंच लागतं आणि पोराला घरातून हलवायचं की नाही हे समिती 3 दिवसांत ठरवते. तिथे मुलाला काय पाहिजे हेही बघतात, सरसकट उचलून नेत नाहीत. अशा वेळी घरातली आई ठामपणे म्हणाली की तो माणूस या घरात राहणार नाही, आणि खरंच तो बाहेर गेला, तर मूल घरीच राहण्याची शक्यता खूप वाढते. आई आरोपीची बाजू घ्यायला लागली की मग पोराला बाहेर ठेवण्याशिवाय समितीकडे फारसं काही उरत नाही.

पायरी 2: त्याच दिवशी पोचा

मूल ताब्यात घेतल्यापासून 24 तासांत समितीपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. समिती जिल्ह्याला असते, तालुक्याला नाही, म्हणजे मंडणगडवाल्याला रत्नागिरीकडे आणि दोडामार्गवाल्याला ओरोसकडे तोंड करून पहिली एसटी पकडायची. बैठक नेमकी कुठे आणि किती वाजता बसते हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करून विचारा आणि मगच निघा, नाहीतर अलिबागला जाऊन कळायचं की आज बैठक दुसरीकडे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दरड कोसळून किंवा पूर येऊन रस्ता बंद झाला तर घरी बसून राहू नका, तसा फोन करा आणि व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर दोन ओळी लिहून पाठवा की येतोय, रस्ता बंद आहे. नाहीतर कागदावर लागतं की पालक हजर नाहीत, आणि ती एक ओळ पुढे महिनाभर छळते.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक बाई असतेच, आणि सगळ्यांना मिळून मॅजिस्ट्रेटचे अधिकार असतात. महिन्याला निदान 20 दिवस बसतात. रात्री-अपरात्री किंवा सुट्टीत एकट्या सदस्याकडेही मूल नेता येतं आणि ते त्याला तात्पुरतं ठेवायची ऑर्डर देऊ शकतात, पण शेवटचा निर्णय निदान तिघांनी मिळून द्यायचा असतो. म्हणजे रात्री एका मॅडमनी सही केली म्हणजे संपलं असं काही नाही.

सोबत काय न्यायचं? मुलाचा जन्माचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, तुमचं आधार, घरपट्टीची पावती, लसीकरणाचं कार्ड, औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. मुलाला फिट येते, दमा आहे, रात्री दिवा लागतो, मासे खात नाही, जे काय असेल ते एका कागदावर लिहून द्या. लोक हे देतच नाहीत आणि मग बालगृहातल्या ताईला पहिल्या दोन रात्री कळतच नाही पोर का रडतंय.

पायरी 3: आज रात्री कोणाजवळ झोपणार, याचं उत्तर घेऊन जा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लोक तिथे जातात ते आम्ही चांगले आहोत हे पटवायला. समितीला त्या घडीला तुमच्या चांगुलपणाचा निकाल लावायचाच नसतो, पोराला आज सुरक्षित जागा कोणती एवढंच बघायचं असतं.

एका बैठकीला मी होते, ओळख पटेल असं काही लिहित नाही. सात माणसं आत घुसली, सातही एकदम बोलतायत, आजी सारखी म्हणते, माझो नातू खय आसा, माका आधी नातू दाखवा, मामा बापाला शिव्या घालतोय, बाप खाली मान घालून. सदस्य मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, आज सोडला तर रात्री कोणाजवळ झोपेल? सगळे गप्प. आजी म्हणाली माझ्याजवळ, पण आजी त्याच घरात राहते जिथे मारहाण झाली होती. दाराजवळ एक आत्या उभी होती, कणकवलीकडे दिलेली, ती म्हणाली माझ्याकडे नेते, माझी मुलगी पण तिसरीतच आहे, शाळा जवळ आहे, माझ्या मिस्टरांना फोन लावून विचारा पाहिजे तर. मॅडमनी खरंच फोन लावला. स्पीकरवर. त्यानंतर अर्धा तास फक्त आत्याचे कागद बघितले गेले, बाकी सहा जणांकडे कोणी ढुंकून बघितलं नाही.

कायद्यात याला योग्य व्यक्ती म्हणतात. समिती पडताळणी करून एखाद्या माणसाला ठराविक काळासाठी मूल सांभाळायला देऊ शकते. आपल्याकडे काका, मामा, आत्या, मावशी सगळं गणगोत असतं, अर्धं मुंबईत आणि अर्धं गावात, तर त्यातलं एक नाव निघण्याआधी ठरवा, एकच, आणि त्या माणसाला सोबत न्या. त्याचं आधार, राहण्याचा पुरावा, घरात कोण कोण आहे त्याची माहिती, पोलीस पाटलाचं पत्र मिळालं तर उत्तम. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्यातच लिहिलेलं आहे, ते हळू आवाजात आठवून दिलं तर कोणी रागावत नाही. फक्त नावापुरता माणूस उभा करू नका, चार दिवसांनी पोर परत त्याच घरात दिसलं तर पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही.

पायरी 4: घरभेट

समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते, सगळे त्याला एसआयआर म्हणतात. तो 15 दिवसांत यायचा असतो आणि संपूर्ण चौकशी संपवून शेवटची ऑर्डर पहिल्यांदा हजर केल्यापासून 4 महिन्यांत. त्या 15 दिवसांत घरी माणूस येतो, परिविक्षा अधिकारी किंवा बाल संरक्षण कक्षाची समाजसेविका. लोक त्यांना पाहुणे समजून चहा-पोहे आणि गोड बोलणं एवढ्यावर भागवतात. चहा द्याच, पण ते बघायला काय आलेत ते समजून घ्या.

पोर झोपतं कुठे, अंथरूण दाखवा. शाळेत कोण सोडतं, आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं. परड्यातल्या विहिरीला कठडा आहे का. ज्या माणसाबद्दल तक्रार आहे तो आता कुठे राहतो. दप्तर, वह्या, गणवेश. नंतर ते शेजारी, अंगणवाडी ताई, शाळेचे गुरुजी यांच्याशी बोलतात, तुमच्या पाठीमागे, आणि त्यांनी तसंच बोलायला पाहिजे. म्हणून वाडीला शिकवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं की त्या बाईंना दुसऱ्याच घरात कळतं.

दारूचा विषय असेल तर लपवू नका. लपत नाही. त्याऐवजी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला नाव घाला, केसपेपर घ्या, पुढची तारीख घ्या, आणि तो केसपेपर दाखवा. पितो पण उपचार चालू केलेत हे, कधी पीतच नाही या वाक्यापेक्षा शंभर पटीने चालतं. मारहाणीचं पण तसंच, आईने स्वतः मारलं असेल आणि ती म्हणाली की हो, माझा तोल गेला, मला कोणाशी तरी बोलायचंय, तर समुपदेशन लावून देतात.

बाप ट्रॉलरवर खलाशी असेल तर अहवालात हमखास लागतं की वडील घरी नसतात. आता जून-जुलैचे 61 दिवस मासेमारी बंद, तेव्हा तो घरीच असतो, बाकी वर्षभर दर्यावर आठ-दहा दिवस जातो, हे त्या मॅडमना माहीत असेलच असं नाही. लिहून द्या की बोट बाहेर असताना घरात कोण असतं. पोटासाठी समुद्रावर जाणं म्हणजे पोराकडे दुर्लक्ष नव्हे, पण मागे कोण हे कागदावर नसलं तर तसं वाचलं जातं.

चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं, आंबा बागेत राखणीला असलेले नेपाळी, यांचं अजून एक असतं. समिती विचार करते की मूल मूळ गावाकडे पाठवावं. तुम्ही इथेच राहणार असाल तर बागायतदाराचं किंवा मुकादमाचं पत्र आणा की हे कुटुंब अमुक महिन्यापर्यंत इथे आहे, आणि शाळेत नाव असेल तर त्याचा दाखला. नाहीतर पोर एका जिल्ह्यात आणि आईबाप दुसऱ्यात.

अहवाल गोपनीय असतो, झेरॉक्स हातात देत नाहीत. पण त्यातला सारांश सांगा आणि आम्हाला आमचं म्हणणं मांडू द्या असा अर्ज करता येतो आणि समितीला योग्य वाटलं तर तसं करता येतं. करा तो अर्ज, बहुतेक जण करतच नाहीत.

पायरी 5: कागद

जे काय द्याल ते दोन प्रतीत, एक त्यांना आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. ऑर्डरची प्रत मागा. मराठीत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या, सही करण्याआधी, नंतर नाही. हमीपत्रावर सही घेतात, त्यात काय कबूल करताय ते बघा. आणि कागदावर समर्पण असा शब्द दिसला तर हात मागे घ्या, तो कागद मूल कायमचं दत्तकासाठी सोडण्याचा असतो, काही दिवस ठेवण्याचा नाही. चुकून किंवा टेन्शनमध्ये सही झालीच असेल तर फेरविचाराला 2 महिने असतात, त्याच दिवशी लेखी कळवा.

समितीचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील, हे जिल्ह्याच्या सेशन कोर्टाकडेच असतं. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी पैशाची मदत) यांच्या ऑर्डरवर मात्र अपील कलेक्टरकडे. त्याच्याही वर हायकोर्ट. 2025 च्या ऑगस्टपासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, रायगडवाल्यांना मुंबईच. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाई असेल किंवा मुलासाठी मागत असाल तर मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर 15100 ला फोन करा. अपिलाची धमकी पहिल्याच बैठकीत देऊ नका एवढं माझं ऐका, तारीख लक्षात ठेवा आणि गप्प राहा.

आणि वाडीच्या ग्रुपवर पोराचा फोटो टाकून आमच्यावर अन्याय झाला म्हणून लिहू नका. अशा मुलाची ओळख उघड केली तर 6 महिने कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, मग ते आईबापांच्या जवळच्या माणसानेच टाकलेलं असलं तरी.

पायरी 6: भेटायला जाणं

बालगृहात भेटीचे दिवस ठरलेले असतात, विचारून घ्या आणि एकही चुकवू नका, भेटीची नोंद रजिस्टरला लागते आणि समिती ती बघते. खाऊ विचारून न्या. पोरासमोर रडारड, आणि घरी चल उद्याच नेते असली खोटी वचनं नकोत, तुम्ही निघून गेल्यावर ते पोर गेटला चिकटून बसतं आणि रात्री जेवत नाही, हे मी बघितलंय. घरात लग्न, मयत, आईवडिलांचं मोठं आजारपण किंवा परीक्षा असेल तर मुलाला साधारण 7 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, प्रवास सोडून. गणपतीसाठी मिळेल का असं प्रत्येक घर विचारतं. अर्ज करा, कधी देतात कधी नाही, चतुर्थीच्या आदल्या दिवशी अर्ज केलात तर नाहीच.

नवरा-बायकोच्या भांडणातला तात्पुरता ताबा

हा दुसरा रस्ता. बाईने घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला असेल तर मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतात, 2005 च्या कायद्याचं कलम 21, आणि बाप धोक्याचा वाटला तर भेट नाकारूही शकतात. याच कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज भरून मिळतो. नाहीतर 1890 चा पालक आणि पाल्य कायदा, तो जिल्हा कोर्टात, जिथे फॅमिली कोर्ट आहे तिथे त्यांच्याकडे, आणि केस कुठे चालणार हे मूल नेहमी कुठे राहतं त्यावर. बाप गणपतीला म्हणून ठाण्याहून गावी घेऊन आला आणि मग परत पाठवलंच नाही, आजीकडे ठेवून इथल्या शाळेत नाव घातलं, असल्या भानगडी दर भाद्रपदानंतर येतात. तेव्हा आईने ठाण्याच्या शाळेचं बोनाफाईड, तिथल्या डॉक्टरचे कागद, सोसायटीचं पत्र पटकन गोळा करावं. वेळ गेला की इथली शाळाच मुलाची शाळा होऊन बसते. पाच वर्षांखालचं मूल साधारण आईकडे असं हिंदू पालकत्वाच्या कायद्यात आहे, पण साधारण, शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं आणि मूल जरा जाणतं असेल तर जज साहेब त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारतात.

भेटीची ऑर्डर घेताना मोघम घेऊ नका. दर महिन्याला भेट, असं लिहिलं की भांडण ठरलेलं. कोणती तारीख, कोण आणणार, कुठे हातात देणार, चिपळूण स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ की पोलीस चौकीत, गाडी लेट झाली तर किती वेळ थांबायचं. पावसाळी टाइमटेबलमध्ये कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात, ते पण वकिलाला सांगून लिहून घ्या. हसू नका, तीन तास स्टेशनवर थांबलेल्या बापाने मूल दिलं नाही म्हणून अवमानाचा अर्ज टाकलेला मी वाचलाय.

पैशाचं

नुसती गरिबी आहे म्हणून मूल बाहेर ठेवायचं नसतं. सांभाळायचंय पण जमत नाही असं असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच समितीपुढे टाका, एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये. विधवा, सोडून दिलेल्या बायका, मोठ्या आजारातले आईबाप, अनाथ नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा यांच्यासाठी केंद्राचं प्रायोजकत्व पण आहे, 4000 रुपये, दोन्ही एकदम नाही. पैसे दर महिन्याला वेळेवर येतात असं मात्र धरून चालू नका, थकतात आणि मग एकदम येतात. अर्ज भरायला एजंट लागत नाही. कोणी मागितले तर देऊ नका.

पोर घरी आल्यावर

बहुतेक वेळा देखरेखीवर सोडतात, म्हणजे काही महिने कोणीतरी येऊन बघून जातं किंवा तुम्हाला बोलावतात. त्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहा. शाळेत आधी जाऊन गुरुजींना भेटा, वर्गात कोणी काही बोलू नये म्हणून आणि बुडालेल्या दिवसांची हजेरी कशी लावायची ते विचारायला, बालगृहातून त्याचा दाखला मिळतो तो घेऊन जा. मे महिन्यात पोराला मुंबईला काकाकडे पाठवायचं असेल तर आधी समितीला एक साधा अर्ज द्या, पत्ता आणि फोन नंबर लिहून, पोच घ्या आणि मगच रिझर्वेशन करा.